गीताची नक्कल आणि गीतकाराचे देणे

मंडळीच्या उपासनेत नवे गीत येते तेव्हा ते कोठून आले, असे विचारण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. एखादा तरुण शेजारच्या शहरातील संमेलनास जातो, तेथे ऐकलेले गीत मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून आणतो, शनिवारच्या तालमीपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅपवरून गायकवृंदातील प्रत्येकाच्या हाती पोहोचते आणि महिन्याभरात त्याच्या झेरॉक्स प्रती बाकांवर दिसू लागतात. शब्द कोणाचे, चाल कोणाची, याचा त्या प्रतीवर उल्लेख नसतो. पाळकांच्या व प्रचारकांच्या अभ्यासवर्गांत अलीकडे आम्हांस यासंबंधी विचारणा होते, आणि ती बहुधा एकाच शब्दांत होते: हा गुन्हा आहे काय?

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत असे आम्हांस वाटते. कायदा काय म्हणतो, हा एक. आणि ज्याने गीत रचले त्याचे आपण काही देणे लागतो काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुष्कळसे निश्चित आहे व ते आम्ही पुढे देऊच. दुसऱ्याचा विचार करताना मात्र अमेरिकेत १९९९ सालापासून काही वर्षे गाजलेल्या एका वादाची माहिती असणे फार उपयोगी पडते. कारण आज आपल्या तरुण संघांत नकलेची जी समर्थने ऐकू येतात, ती बहुतेक सर्व त्या वादात मांडली गेली होती, आणि तेथे त्यांची कसोटीही लागली.

नक्कल ही काही त्या वर्षी जन्मलेली गोष्ट नव्हे. कॅसेटवरून कॅसेट उतरविण्याचा उद्योग आपल्या देशात इतका बोकाळला होता की १९८४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा कडक केल्या. परंतु कॅसेटच्या नकलेस एक नैसर्गिक मर्यादा होती. नकलेची नक्कल केली की आवाज बसत जाई, आणि प्रत देणाऱ्याला ती हातोहात किंवा टपालाने द्यावी लागे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांच्या प्रमुख सहभागाने सिद्ध झालेल्या एम्पीथ्री पद्धतीने ही मर्यादा मोडली. या पद्धतीत माणसाच्या कानास जे सूक्ष्म ध्वनी जाणवत नाहीत ते वगळले जातात, व ध्वनिमुद्रणाचा आकार सुमारे एक दशांशावर येतो. अशी लहान झालेली फाइल टेलिफोनच्या तारेवरून पाठविता येते, आणि त्या फाइलची हजारावी नक्कलही पहिल्या फाइलीसारखीच असते.

बोस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकलेल्या शॉन फॅनिंग नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाने जून १९९९ मध्ये नॅप्स्टर ही सेवा सुरू केली. तिची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व न्यायालयीन वाद या रचनेवरच झाला. एका मोठ्या गावात घरोघरी पुस्तके आहेत, परंतु कोणाकडे काय आहे हे कोणासच ठाऊक नाही, अशी कल्पना करावी. वेशीवर एक मनुष्य वही घेऊन बसतो. प्रत्येक घरात कोणते पुस्तक आहे ते तो टिपून ठेवतो, आणि विचारणाऱ्यास ते घर दाखवितो. पुस्तक तो स्वतः देत नाही, त्याच्या घरी एकही पुस्तक नाही. विचारणारा त्या घरी जातो व पाहता पाहता पुस्तकाची हुबेहूब नक्कल करून आणतो. मूळ पुस्तक जागच्या जागी राहते. नॅप्स्टर म्हणजे वेशीवरचा तो वहीवाला. गाणी सभासदांच्या संगणकांत होती, यादी तेवढी नॅप्स्टरच्या सर्व्हरवर होती. फेब्रुवारी २००१ पर्यंत या सेवेचा लाभ घेणारांची संख्या सुमारे २ कोटी ६० लक्षांवर गेली.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने डिसेंबर १९९९ मध्येच नॅप्स्टरवर दावा लावला. एप्रिल २००० मध्ये मेटालिका या वाद्यवृंदाने स्वतंत्र दावा लावला, व त्याचा ढोलवादक लार्स उलरिच ३,३५,४३५ सभासदांच्या नावांची यादी घेऊन नॅप्स्टरच्या कचेरीत गेला. आपलीच गाणी आवडीने ऐकणाऱ्यांची नावे आरोपी म्हणून खोक्यांत भरून नेणारा कलावंत, हे दृश्य त्यापूर्वी कोणी पाहिले नसावे. नॅप्स्टरचा बचाव असा की आम्ही केवळ यादी ठेवतो. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ ध्वनिमुद्रकाच्या खटल्यात असे ठरविले होते की ज्या यंत्राचा पुष्कळसा उपयोग न्याय्य आहे, त्याच्या गैरवापरासाठी ते विकणाऱ्यास दोषी धरता येत नाही. आणि नॅप्स्टर त्या निर्णयाचा आधार घेत होते. अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये हा बचाव मान्य केला नाही. यंत्र विकणाऱ्याचा ग्राहकाशी संबंध दुकानात संपतो. वहीवाला मात्र रोज वेशीवर बसलेला असतो, कोण काय नेतो हे त्याला कळते, आणि थांबविणे त्याच्या हाती असते, असा त्या निर्णयाचा मथितार्थ सांगता येईल. जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद पडले. वहीवाल्यावाचून चालणाऱ्या नव्या सेवा निघाल्या, त्यांपैकी ग्रॉक्स्टरविरुद्ध २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. परंतु नकलेची सवय त्यामुळे थांबली नाही.

न्यायालयाबाहेर जो वाद झाला तो आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. नॅप्स्टरच्या कैवाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी पोकळ नव्हते. एक आवडते गाणे हवे असले तरी ग्राहकाला संपूर्ण तबकडी घ्यावी लागे. मे २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पाच मोठ्या कंपन्यांशी तडजोड केली, ती याच कारणाने, की त्यांच्या जाहिरातविषयक अटींमुळे तबकड्यांच्या किमती कृत्रिम रीतीने चढ्या राहिल्या होत्या. ग्राहकांना पडलेला भुर्दंड ४८ कोटी डॉलरपर्यंत असावा असा त्या आयोगाचा अंदाज होता. अशा कंपन्यांनी ‘आमचे गायक उपाशी मरतील’ असा टाहो फोडला तेव्हा तरुणांस तो खरा वाटला नाही, यात नवल नाही.

११ जुलै २००० रोजी अमेरिकेच्या सीनेटच्या न्यायविषयक समितीपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली. समितीचे अध्यक्ष ऑरिन हॅच हे स्वतः भक्तिगीते रचीत, म्हणजे या प्रकरणात तेही एका परीने हितसंबंधी होते. उलरिच यांची साक्ष कंपन्यांस अनुकूल अशीच झाली. त्याच दिवशी रॉजर मॅग्विन यांचीही साक्ष झाली. हे बर्ड्स या वाद्यवृंदाचे प्रमुख गायक. १९६५ साली या वृंदाचे एक गीत अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. आमच्या वाचकांस सांगण्यासारखे हे, की त्या गीताचे शब्द जवळजवळ सर्व उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायातले आहेत. प्रत्येक गोष्टीला नेमलेला समय असतो, हा त्याचा विषय. मॅग्विन यांनी समितीस सांगितले ते असे: त्यांची गाणी देशभर गाजली, परंतु करारावर सही करताना मिळालेली बेताची आगाऊ रक्कम सोडली तर बहुतेक तबकड्यांपासून त्यांच्या हाती स्वामित्वधन म्हणून काही पडले नाही. उलट, त्यांनी स्वतः गायिलेली जुनी लोकगीते इंटरनेटवरील एका सेवेने घेतली, तेव्हा तिने निम्मी रक्कम देऊ केली व ती प्रत्यक्ष दिलीही.

या साक्षीने दोन्ही पक्षांची अडचण झाली. कंपन्या कलावंताच्या नावाने बोलत होत्या, आणि कलावंताचे वेतन त्यांच्याच हिशेबवहीत गडप होत होते. नकलाकारही कलावंताच्या नावाने बोलत होते, त्याच्या कीर्तीचा प्रसार आपण करतो असे म्हणत होते. परंतु प्रसारासाठी त्याची संमती कोणीच घेतली नव्हती. मॅग्विन आपली लोकगीते इंटरनेटवर विनामूल्यही देत असत. ते देणे त्यांचे होते.

याच गीताच्या संबंधाने आणखी एक हकिगत आहे. उपदेशकाच्या शब्दांस चाल बांधली होती पीट सीगर यांनी. त्यांनी या गीताच्या स्वामित्वधनाचा हिशेब मोठ्या मौजेने केला. चालीबद्दल निम्मे आपले; शब्दांत आपण अवघे पाच-सात घातले म्हणून आणखी पाच टक्के आपले; उरलेले पंचेचाळीस टक्के कोणाचे? ते मूळ शब्द जेथे लिहिले गेले त्या भूमीस पाठवावेत असे ठरवून त्यांनी ती रक्कम घरे पाडण्यास विरोध करणाऱ्या एका इस्रायली समितीला देऊ केली. उपदेशकाच्या कर्त्याचा वारस शोधून काढणे कोणत्याही कायद्यास शक्य नव्हते आणि कायदा तसे मागतही नव्हता. तरी सीगर यांना वाटले की देणे आहे.

‘ही चोरी आहे’ असे कंपन्या म्हणत, ‘चाचेगिरी’ हा शब्द तर सर्वतोमुखी झाला. आज्ञांचा पाठ मुलांना शिकविणाऱ्या प्रचारकाने या शब्दांविषयी थोडे सावध असावे. चोरी न करण्याची आज्ञा कोणी सातवी मोजतात, कोणी आठवी. तिचा साधा अर्थ मात्र असा की दुसऱ्याची वस्तू नेली व त्याच्याकडे ती उरली नाही. गीताची नक्कल केल्याने मूळ गीत नाहीसे होत नाही. १९८५ साली एल्विस प्रेस्ली यांच्या गाण्यांच्या अनधिकृत तबकड्या विकणाऱ्या एका इसमाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच हा भेद मान्य केला. प्रताधिकाराचा भंग हा चोरीच्या मालाच्या वाहतुकीचा गुन्हा होत नाही, असे बहुमताने ठरले. म्हणून वर्गात मुलाने ‘मी कोणाचे काय नेले?’ असे विचारले तर त्याला उद्धट समजू नये. त्याचा प्रश्न योग्य आहे.

मात्र पवित्र शास्त्रात अन्याय केवळ वस्तू नेण्यानेच होतो असे कोठेही नाही. लेवीय १९ व्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवण्यास मनाई आहे; याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. तेथे कोणाच्या घरातून काही नेलेले नाही. जे द्यावयाचे ते दिलेले नाही. गीताच्या प्रश्नाचे नाते या वचनांशी आहे.

आपले तरुण मत्तयाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतात, की जे विनामूल्य लाभले ते विनामूल्य द्यावे. आधार चांगला आहे, परंतु त्यांनी दोन वचने पुढे वाचावे. तेथेच कामकऱ्याला त्याचे पोषण मिळणे योग्य आहे असेही सांगितले आहे. दोहोंत विरोध नाही. पहिले वचन देणाऱ्यास उद्देशून आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल सुवार्तेवर उपजीविका करण्याचा आपला हक्क सविस्तर सिद्ध करतो आणि मग तो स्वतःच सोडून देतो. हक्क त्याचा होता म्हणून तो सोडू शकला. करिंथ येथील मंडळीने परस्पर ठराव करून पौलाचा हक्क सोडला असता, तर त्यास दान म्हणता आले नसते.

कंपन्यांनी पुढे जे केले त्याने त्यांची बाजू अधिकच दुबळी झाली. सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी एका दिवसात २६१ सामान्य नागरिकांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी निघाली; तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. मिनेसोटा राज्यातील एका महिलेवर चोवीस गाण्यांबद्दल खटला चालला. २००७ साली पंचांनी तिला २,२२,००० डॉलर दंड ठरविला, फेरसुनावणीत २००९ साली तो १९,२०,००० डॉलरवर गेला, आणि अनेक वळणे घेत २०१२ साली अपील न्यायालयाने पुन्हा पहिली रक्कम कायम केली. त्या काळी इंटरनेटवर कायदेशीर मार्गाने एक गाणे सुमारे एका डॉलरला मिळत असे. चोवीस डॉलरच्या मालाबद्दल हा दंड! २००८ च्या अखेरीस कंपन्यांनी व्यक्तींवर असे सरसकट दावे लावण्याचे धोरण सोडले. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी हे तत्त्व निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाइतके जुने आहे, आणि ते मोडले की लोक कायद्याचा आदर सोडतात.

दुसऱ्या टोकाला काय घडले, हेही नमूद केले पाहिजे. स्वीडनमध्ये नकलेच्या स्वातंत्र्यासाठी राजकीय पक्ष निघाला व २००९ साली युरोपीय संसदेत निवडूनही आला. एवढ्यावर थांबते तर ठीक. परंतु तत्त्वज्ञानाच्या एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने ‘कोपिमिझम’ नावाचा पंथ स्थापन झाला; त्यात माहितीची नक्कल करणे हेच पवित्र कर्म, आणि संगणकावर नक्कल करण्याच्या व ती उतरविण्याच्या कळा ही पवित्र चिन्हे. जानेवारी २०१२ मध्ये स्वीडनच्या शासनाने त्याची धर्मसमाज म्हणून नोंदणी केल्याची बातमी जगभर पसरली. तुलनात्मक धर्माच्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. आम्हीही हसलो. तथापि सर्व देणगी आहे, कोणाचेच काही नाही, ही भावना धर्मभावनेच्या किती जवळची आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

नकलेने प्रत्यक्षात किती नुकसान झाले यावर अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य ठरविला. इतरांनी त्यावर कडाडून टीका केली. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची वार्षिक उलाढाल १९९९ साली १,४६० कोटी डॉलर होती व पंधरा वर्षांत ती निम्म्याच्याही खाली गेली, हे मात्र निर्विवाद आहे. पुढे स्पॉटिफायसारख्या सेवा आल्या. महिन्याची ठरावीक वर्गणी भरावी किंवा जाहिराती ऐकाव्या, आणि हवे ते गाणे ऐकावे. २०२३ साली जगातील ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग अशा सेवांतून आला. फाइल उतरवून घेण्याचा मोह बराच ओसरला. एकेका ऐकण्यामागे कलावंतास पैशाचा अत्यल्प अंश मिळतो, ही तक्रार मात्र आजही आहे, म्हणजे मॅग्विन यांची साक्ष अजून शिळी झालेली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. इंटरनेटच्या पुष्कळ आधी हाच वाद ख्रिस्ती मंडळीत होऊन गेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकभाषांत होऊ लागली आणि अमेरिकेतील धर्मग्रामांना इंग्रजी गीतांची एकाएकी निकड भासली. गीतपुस्तकांच्या खरेदीपेक्षा आवडीची गीते निवडून त्यांच्या नकला काढणे सोपे होते. एफ. ई. एल. या गीतप्रकाशन संस्थेने धर्मग्रामांस वर्षाला शंभर डॉलर घेऊन नकलेचा परवाना देऊ केला. पुष्कळांनी तो न घेताच नकला चालू ठेवल्या. १९७६ साली संस्थेने शिकागोच्या महाधर्मप्रांतावर दावा लावला. एप्रिल १९८४ मध्ये पंचांनी तीस लक्ष डॉलरहून अधिक भरपाई ठरविली. तीतील बहुतेक रक्कम व्यापारहानीबद्दल होती व अपिलात तो भाग रद्द झाला. तरी त्या निर्णयाने देशातील मंडळ्या हादरल्या. ख्रिस्ती जन परस्परांवरील प्रीतीवरून ओळखले जातील अशा आशयाचे सुप्रसिद्ध इंग्रजी गीत शिकागोच्याच एका धर्मगुरूने रचलेले असून ते याच संस्थेने प्रकाशित केले होते, ही गोष्ट आम्ही टीका न करता केवळ नोंदवितो. १९८८ साली ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे मंडळ्यांसाठी सामुदायिक परवान्याची संस्था निघाली. मंडळीने सभासदसंख्येप्रमाणे वार्षिक वर्गणी द्यावी, कोणती गीते वापरली ते कळवावे, आणि वर्गणीचा वाटा गीतकारांना मिळावा, अशी तिची योजना आहे.

भारतात लागू आहे तो १९५७ चा प्रताधिकार कायदा. प्रचारकाने त्यातील चार-पाच गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे. एका गीतात तीन निरनिराळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ध्वनिमुद्रणाचा, ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. पूर्वी मृत्यूनंतरची मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांची पदे कोणीही छापावी, गावी, वाटावी; त्यांस आज बंधन नाही. परंतु त्याच पदास गेल्या वर्षी कोणी नवी चाल लावली असेल तर ती चाल मोकळी नाही, आणि ती गाऊन कोणी ध्वनिमुद्रित केली असेल तर ते मुद्रणही मोकळे नाही. भाषांतराचेही तसेच. बेळगाव, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी कानडी, तेलुगू वा इंग्रजी गीते मराठीत आणून गाण्याची चाल आहे. मूळ गीताचा हक्क जिवंत असेल तर भाषांतर प्रसिद्ध करण्यास मूळ धन्याची परवानगी लागते.

धार्मिक विधीस कायद्याने सवलत दिली आहे. कलम ५२ मधील तरतुदीप्रमाणे खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे, किंवा ध्वनिमुद्रण वाजवून लोकांस ऐकविणे, हा प्रताधिकाराचा भंग होत नाही. लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभही त्यात येतात. या सवलतीची व्याप्ती किती, यावर वाद आहेत. गोव्यात जानेवारी २०२४ मध्ये शासनाने या सवलतीच्या आधारे एक पत्रक काढले. विवाहसमारंभांतील संगीताबद्दल परवाना वा शुल्क मागू नये, असा त्याचा रोख होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. कायद्यात आहे त्यापलीकडे शासनास पत्रकाने जाता येत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की सवलत गाण्यास व ऐकविण्यास आहे. गीतपुस्तिका छापणे, झेरॉक्स काढणे, ध्वनिमुद्रणाची फाइल शंभर जणांस पाठविणे, यांचा त्या तरतुदीत उल्लेख नाही. स्वतःच्या खासगी उपयोगापुरती वेगळी मोकळीक आहे. पण सबंध मंडळीस वाटलेली प्रत खासगी राहत नाही. रविवारी वेदीपुढे उभे राहून गीत गाणारा गायकवृंद निश्चिंत असावा. त्याच गीताची पुस्तिका दहा रुपयांस विकणाऱ्या समितीने मात्र पत्र लिहून परवानगी घ्यावी.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक न्याय केला. चित्रपटातील व ध्वनिमुद्रणातील शब्दांच्या व संगीताच्या कर्त्यास स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क मिळाला, आणि कंपनीने करारात लिहून घेतले तरी तो सोडता येत नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी यासाठी केलेला आग्रह सर्वश्रुत आहे. याशिवाय कलम ५७ असे म्हणते की हक्क विकून टाकला तरी कृतीवर आपले नाव असावे आणि तिची आपल्या मानास बाध येईल अशी मोडतोड होऊ नये, हे मागण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतोच.

या शेवटच्या कलमाशी जुळणारी एक गोष्ट कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. १७८० साली जॉन वेस्ली यांनी मेथडिस्ट लोकांसाठी मोठा गीतसंग्रह काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तक्रार केली आहे की पुष्कळ सद्गृहस्थ आमची व आमच्या बंधूंची गीते नाव न देता पुन्हा छापतात. छापण्यास त्यांनी मोकळ्या मनाने अनुमती दिली. पैसा मागितला नाही. अट एकच घातली, की गीते आहेत तशी छापावी, सुधारू नयेत; कारण सुधारणे त्या सद्गृहस्थांच्या आवाक्यातले नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीही एका संमेलनासाठी गीतपुस्तिका तयार केली. घाई होती, जी गीते लोकांच्या तोंडी होती ती ऐकून लिहून काढली, कोणास विचारले नाही, नावे घातली नाहीत. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी एक वृद्ध प्रचारक पुस्तिका हातात घेऊन आमच्याकडे आले. त्यातले एक गीत त्यांचे होते, आपल्या पत्नीच्या आजारपणात रचलेले. त्यांनी रागावून काही म्हटले नाही. मुलांना द्यावयास दोन प्रती जास्त मिळतील काय, एवढेच विचारले. आम्ही प्रती दिल्या, आणि त्या रात्री आम्हांस फारशी झोप आली नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी आम्ही ज्यांचा ठावठिकाणा लागला त्या प्रत्येकास पत्र लिहिले. त्यास दोन महिने लागले. बहुतेकांची उत्तरे आली. पैसे कोणीही मागितले नाहीत, एकाने पुस्तिकेच्या पाच प्रती मागितल्या. दोन गीतांचे धनी सापडले नाहीत, ती आम्ही गाळली. त्या वृद्ध प्रचारकांचे पत्र पोस्टकार्डावर आले. परवानगी आनंदाने दिली होती, आणि खाली लिहिले होते की तिसऱ्या कडव्यात आम्ही छापलेला एक शब्द त्यांचा नव्हे. कोणीतरी ऐकताना चुकले असावे, आणि सर्व जिल्हाभर आता तसेच गातात. मूळ शब्द त्यांनी ठळक अक्षरांत लिहून कळविला होता. तो आम्ही छापला, आणि गीताखाली त्यांचे नाव घातले.